विद्यापीठाचं स्टेडियम आणि दोन बेलापूर

बरेच दिवस या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो. दर शुक्रवारी ठरवायचं आणि रविवारी संध्याकाळी लक्षात यायचं की वीकांत भाजी, केस कापणे आणि झोप यात संपला. या खेपेला मात्र सगळं बाजूला ठेवून बसलोय. लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी भूगोल. मी मूळचा श्रीरामपूर तालुक्यातला. आमच्या रेल्वे स्टेशनच्या पाटीवर मात्र श्रीरामपूर नाही, 'बेलापूर' लिहिलेलं आहे. दौंड-मनमाड मार्गावरचं ते बेलापूर. आता राहतो नेरुळला, आणि इथून पुढची काही स्टेशनं गेलं की येतं तेही बेलापूरच! अण्णा (माझे वडील) पहिल्यांदा लोकलमध्ये बसले आणि डब्यात 'पुढील स्टेशन सीबीडी बेलापूर' ऐकलं तेव्हा म्हणाले, "आरं, निम्म्या तासात घरी आलो का काय?" डब्यातले चार लोक हसले, अण्णाही हसले.

तर ही २००८ च्या मे महिन्यातली गोष्ट. अण्णा-आई आठ दिवस राहायला आले होते. संध्याकाळी अण्णांना फिरायला नेलं ते सायन-पनवेल रस्त्याच्या कडेने, आणि समोर ते अवाढव्य गोल स्टेडियम आलं. दोनच महिन्यांपूर्वी, ४ मार्च २००८ ला, त्याचं उद्घाटन झालं होतं. अण्णा बराच वेळ मान वर करून बघत उभे राहिले.

"सरकारनं बांधलं का?"

"नाही अण्णा, कॉलेजनं. म्हणजे विद्यापीठ आहे त्यांचं. डी. वाय. पाटील."

"कॉलेजनं?" मग थोडं थांबून, "पोरं रोज खेळत्यात का यात?"

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. जवळजवळ पंचावन्न हजार माणसं बसतील एवढ्या जागेत कॉलेजची पोरं रोज कशी खेळतील? पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. अण्णांना तो विचारायचा पुरेपूर हक्क होता, कारण विनाअनुदानित कॉलेज म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. फी त्यांनी भरली होती.

हे जरा उलगडून सांगायला हवं, कारण त्या स्टेडियमचा पाया माझ्या मते काँक्रीटचा नाही, १९८३ सालच्या एका सरकारी निर्णयाचा आहे. त्या वर्षी वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. महाराष्ट्रातली शेकडो मुलं कॅपिटेशन फी भरून कर्नाटकात इंजिनियरिंगला जात होती. दादांनी ठरवलं की आपल्याकडेच खाजगी संस्थांना इंजिनियरिंग आणि मेडिकलची कॉलेजं काढू द्यायची. सरकार अनुदान देणार नाही, संस्थेने फीवर चालवायचं. साखर कारखान्यांनी ज्यांना माणसं, जमीन आणि पैसा एकत्र आणायची सवय लावली होती, ती मंडळी यात धडाधड उतरली. आमच्या नगर जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विख्यांनी १९५० मध्ये सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप करून दाखवलं होतं. तिथून साखर आणि शिक्षण हा आमच्याकडे एकच रस्ता झाला, फक्त मधे वळण आलं.

आता गंमत बघा. त्या सरकारात उपमुख्यमंत्री होते बॅ. रामराव आदिक, आमच्या श्रीरामपूरकडचेच. नेरुळच्या त्याच आवारात, स्टेडियमला लागून, जे इंजिनियरिंग कॉलेज आहे त्याचं नाव रामराव आदिक इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, आणि स्थापनेचं साल १९८३. म्हणजे माझ्या गावाकडचं नाव माझ्या आधीच नेरुळला येऊन बसलेलं होतं.

स्वतः डी. वाय. उर्फ ज्ञानदेव यशवंतराव पाटील कोल्हापूर जिल्ह्यातल्या अंबपचे. साठच्या दशकात आमदार, नंतर शिक्षणसंस्थांचे चालक, १९९१ मध्ये पद्मश्री, आणि पुढे त्रिपुरा व बिहारचे राज्यपाल. नेरुळच्या संस्थेला २००२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विनाअनुदानित शिक्षण नसतं तर हा समूह नसता, आणि समूह नसता तर स्टेडियम नसतं. साखळी एवढी सरळ आहे.

आणि याच साखळीची दुसरी कडी म्हणजे अस्मादिक. १९९८ साली मला शेजारच्या जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित कॉलेजात पेमेंट सीट मिळाली. (नाव कशाला घ्या.) नव्या पोरांना 'पेमेंट सीट' हा शब्द माहीत नसेल. १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. मग १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा फ्री आणि निम्म्या पेमेंट अशी वाटणी केली. पेमेंटवाल्यांच्या फीवर फ्रीवाले शिकायचे. २००२ मध्ये टी. एम. ए. पै निकालाने ही वाटणी गेली, तोवर मी पास होऊन बाहेर पडलो होतो. माझ्या एका वर्षाची फी म्हणजे आमच्या दोन एकर उसाचं बिल. ऊस होता तीन एकर. उरलेल्यात घर, बहिणीचं शिक्षण, सोसायटीचा हप्ता. चार वर्षं अण्णांनी एक नवा सदरा शिवला नाही, हे मला आईने लग्नानंतर सांगितलं.

त्या फीच्या पावतीवर 'जिमखाना' असा एक वेगळा रकाना होता. माहितीपुस्तकात मैदानाचा फोटोही होता, बहुतेक पावसाळ्यात काढलेला, कारण त्यात हिरवळ होती. आम्ही गेलो तेव्हा तिथे कुसळं आणि वेड्या बाभळी होत्या. चार वर्षं आम्ही पार्किंगमध्ये टेनिस बॉलने खेळलो. पास झाल्यावर नोकरी लागली, महापेला आलो, आणि समोर विद्यापीठाचं हे असं मैदान! हसावं की रडावं ते कळेना. 'आमच्या जिमखाना फीचं हे असं काही का नाही झालं?' एवढंच मनात आलं.

आता जरा मागे जाऊ. मुंबईत मोठी स्टेडियमं कशी जन्माला आली हे बघितलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: भांडण खुर्च्यांवरून.

ब्रेबॉर्न घ्या. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया १९३३ मध्ये स्थापन झाला. धडपड्या अँथनी डिमेलोने गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांना गळ घातली आणि बॅकबेला समुद्र हटवून तयार झालेल्या जमिनीपैकी सुमारे नव्वद हजार चौरस यार्ड, चौरस यार्डाला साडेतेरा रुपये दराने मिळवली. 'सरकारला पैसा हवा की तुम्हाला अमरत्व?' अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला अशी दंतकथा आहे. २२ मे १९३६ ला पायाभरणी, ७ डिसेंबर १९३७ ला उद्घाटन. आणि पहिल्याच हंगामात काय झालं? हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि 'बाकीचे' अशी पंचरंगी स्पर्धा जिमखान्यांच्या मैदानावरून इथे आली आणि हिंदू संघाने अंग काढून घेतलं. कारण आपल्या जिमखान्याला खुर्च्या कमी दिल्या! धर्मावर संघ पाडलेल्या स्पर्धेतून माघार, आणि तीही खुर्च्यांवरून. ब्रेबॉर्नचं बारसंच असं झालं.

पस्तीसेक वर्षांनी तेच नाटक, पात्रं नवी. मैदान सीसीआयचं, कसोटी भरवणार बॉम्बे क्रिकेट असोसिएशन, आणि खुर्च्या किती द्यायच्या यावरून दर वेळी घासाघीस. एका बाजूला विजय मर्चंट, दुसऱ्या बाजूला असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे. वानखेडे विदर्भातले, कसलेले राजकारणी, तेव्हा विधानसभेचे सभापती. 'नसेल जमत तर आम्ही आमचं बांधू' असा पवित्रा त्यांनी घेतला आणि खरंच बांधलं. शशी प्रभू या तरुण आर्किटेक्टला हाताशी धरून, ब्रेबॉर्नपासून चालत जाण्याच्या अंतरावर, जेमतेम वर्षभरात! २३ जानेवारी १९७५ ला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी सुरू झाली, क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ ठोकले. ब्रेबॉर्नवर १९७३ नंतर कसोटी झाली ती थेट २००९ मध्ये. एवढ्या रागाने बांधलेलं मैदान जगात दुसरं असेल तर मला कळवा. (आमच्याकडे बांधावरून भांडण झालं की भाऊ शेजारीच दुसरं घर बांधतो, त्यातला प्रकार.)

नेरुळच्या स्टेडियमच्या मागे असं भांडण नाही. ते कुणाचा तरी वचपा काढायला उभं राहिलं नाही, आणि म्हणूनच त्याला बांधताना हक्काचा असा संघही नव्हता. वानखेडेवर मुंबईचा रणजी संघ होता, ब्रेबॉर्नवर क्लब होता. इथे एक विद्यापीठ होतं आणि एक आराखडा होता.

विद्यापीठाने स्टेडियम बांधणं ही कल्पना आपल्याला विचित्र वाटते, अमेरिकेत ती जुनी आहे. कंपनीने मला एकदा तीन महिने डेट्रॉइटजवळ पाठवलं होतं. शनिवारी सहकाऱ्याबरोबर अॅन आर्बरला मिशिगन युनिव्हर्सिटीचं फुटबॉल स्टेडियम बघायला गेलो. (फुटबॉल म्हणजे त्यांचा, हातात धरून पळायचा.) १९२७ मध्ये उघडलेलं, आणि आज एक लाख सात हजारांवर माणूस बसतो. शहरच तेवढं! बाहेरून ते मोठं वाटतच नाही, कारण बराचसा भाग जमिनीच्या पोटात खोदलेला आहे. तिथल्या क्रीडा विभागाचा प्रमुख फील्डिंग योस्ट याने पैसे कसे उभे केले? पाचशे डॉलरचे तीन हजार रोखे विकले, आणि रोखा घेणाऱ्याला दहा वर्षं मोक्याच्या जागेचं तिकीट घ्यायचा हक्क दिला. म्हणजे इथेही खुर्च्याच! फरक एवढाच की मुंबईत त्या भांडणात गेल्या आणि योस्टने त्या आधीच विकून टाकल्या. शिवाय पुढे कधीतरी वाढवावं लागेल म्हणून पाया जास्तीचा घालून ठेवला. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला 'स्केलेबल' म्हणून मिरवतो ते या गृहस्थाने काँक्रीटमध्ये करून ठेवलं होतं.

पण खरा फरक निराळाच आहे. तिथे त्या लाखभर लोकांपुढे खेळतात ते त्या विद्यापीठाचे विद्यार्थी. आपल्याकडे आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया स्पर्धा १९३५ पासून आहे, आणि तिच्यातून कसोटीपटूही निघाले. तरी तिच्या अंतिम सामन्याला आज किती लोक जातात? खेळाडूंचे मित्र, दोन-चार आईवडील आणि सावलीला बसलेलं एखादं कुत्रं. आपल्याकडे विद्यापीठाचा संघ स्टेडियम भरू शकत नाही. त्यामुळे विद्यापीठाने स्टेडियम बांधलं तर ते भरायला पाहुणेच बोलवावे लागणार.

बरं, बांधलं मात्र झकास. आर्किटेक्ट हाफीज कॉन्ट्रॅक्टर. आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती जे नाही त्याची, खांब! छप्पर कँटिलिव्हर आहे, म्हणजे आपल्या घराच्या सज्जासारखं. एक टोक मागे घट्ट धरलेलं, दुसरं हवेत. जुन्या स्टेडियमांत छपराखालची जागा महाग असायची आणि नेमका खांबाआड बॅट्समन यायचा. सज्जा दोन-तीन फुटांचा असतो तोवर सोपा. प्रेक्षकांच्या डोक्यावरून कितीतरी मीटर पुढे काढायचा तर मागचं टोक वर उचललं जाऊ नये म्हणून तेवढ्याच ताकदीने खाली बांधून ठेवावं लागतं. त्यात ही जागा खाडीजवळची. पावसाळी वारा खालून शिरला की छप्पर छत्रीसारखं उलटं व्हायला बघतं. म्हणजे वजन पेलण्याएवढंच उडू न देणंही महत्त्वाचं. माझा एक सिव्हिलवाला मित्र म्हणतो, "बिल्डिंग पडू नये म्हणून झोप उडते, स्टेडियमचं छप्पर उडू नये म्हणून."

खेळपट्टीसाठी दक्षिण आफ्रिकेतून दोनशे टन माती आणली. हे ऐकून अण्णा खदाखदा हसले होते. "आपल्याकडं काळी माती फुकट हाय, ट्रॉल्या पाठवू का?" पण यात तथ्य आहे. चेंडूला उसळी मिळणं हे मातीत चिकणमाती किती आणि ती वाळल्यावर किती टणक होते यावर असतं. बाहेरच्या मैदानाखाली मात्र माती नको, वाळू हवी, म्हणजे पाणी खाली उतरतं आणि पुरलेल्या नळ्यांतून बाहेर जातं. नवी मुंबईत हा प्रश्न घराघराचा आहे. इथली बरीच जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून सिडकोने शहराच्या कडेने धारण तलाव केले. भरतीला दारं बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं. डच लोकांची युक्ती.

सिडकोचं नाव निघालं तर अण्णांचा त्याच संध्याकाळचा दुसरा प्रश्नही सांगतो: "जमीन कुणाची होती?" शेतकरी माणूस, हे विचारणारच. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची जमीन या शहरासाठी घेतली गेली. भातखाचरं, मिठागरं, मासेमारीच्या वाटा. १९८४ च्या जानेवारीत जासईला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं, गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. आज आपण ज्या फ्लॅटमध्ये बसून मॅच बघतो त्याच्याखाली हे सगळं आहे. मी हे सांगितल्यावर अण्णा काही बोलले नाहीत. परत जाताना मात्र स्टेडियमकडे त्यांनी मान वळवून पाहिलं नाही.

स्टेडियमचं नशीब मोठं मजेशीर. सप्टेंबर २००७ मध्ये आयपीएलची घोषणा झाली तेव्हा हे बांधकाम अर्थातच आधीपासून चालू होतं. मार्च २००८ मध्ये उद्घाटन, एप्रिलमध्ये आयपीएल सुरू, आणि १ जूनला पहिला अंतिम सामना इथेच. राजस्थानने चेन्नईला शेवटच्या चेंडूवर हरवलं. २०१० चा अंतिम सामनाही इथे झाला. त्यात मुंबईकडून आमचा श्रीरामपूरचा झहीर खान होता, तरी मुंबई हरली ते सोडा.

झहीरबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो १९७८ चा, माझ्यापेक्षा थोडा मोठा. इंजिनियरिंगच्या वाटेवर होता, ती सोडून मुंबईला आला आणि सुधीर नाईकांच्या हाताखाली नॅशनल क्रिकेट क्लबकडून खेळू लागला. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने पहिल्या पाच षटकांत फक्त सहा धावा दिल्या, आणि वानखेडेची ती खेळपट्टी तयार करणारे होते खुद्द सुधीर नाईक. आमचाच दुसरा, संगमनेर तालुक्यातल्या आश्वीत जन्मलेला अजिंक्य रहाणे. दोघांनाही मोठं व्हायला जिल्हा सोडावा लागला. त्याच तालुक्यातून त्याच शहरात मीही आलो, पण इंजिनियरिंग न सोडता. :)

असो. मूळ मुद्द्याकडे येतो. एवढं देखणं मैदान, पण देशाचा संघ? २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेची मोडतोड चालू होती म्हणून भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेतला सातवा एकदिवसीय सामना नेरुळला आला. तारीख ११ नोव्हेंबर २००९. माझ्याकडे तिकीट होतं, ऑफिसात 'ताप आहे' असं कळवलं होतं. आणि त्याच दिवशी फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला धडकलं. नोव्हेंबरात! वाळू असो, नळ्या असोत, आकाशातून पाणी थांबलंच नाही तर उतरून जाणार कधी? एकही चेंडू न टाकता सामना रद्द. भिजून घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी खरोखर ताप आला.

त्यानंतर वानखेडे नवं कोरं होऊन परत आलं. गहुंजेला २०१२ मध्ये महाराष्ट्र असोसिएशनने आपलं स्टेडियम उघडलं. आणि नेरुळला? २०२५ अखेरपर्यंत तिथे पुरुषांचा एकही आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना खेळला गेलेला नाही. कारण उघड आहे. सामने मिळतात ते असोसिएशनांना, आणि मोठ्या असोसिएशनांची बहुतेक स्वतःची मैदानं आहेत. विद्यापीठाचं मैदान म्हणजे लग्नात नवरीकडची बस भरल्यावर उरलेली जीप. लागली तर न्यायची.

मग तिथे बाकी सगळं झालं. इंडियन सुपर लीगचा पहिला अंतिम सामना २०१४ मध्ये, सतरा वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने २०१७ मध्ये, जस्टिन बीबर, २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले. (त्या तीन दिवसांत मला घरी पोचायला जो वेळ लागला त्यात श्रीरामपूर गाठलं असतं.) फेब्रुवारी २०२२ मध्ये महिलांच्या आशिया चषक फुटबॉलचा अंतिम सामना, ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना.

आणि मग हळूहळू, कुणी मोठी घोषणा न करता, ते बायकांच्या क्रिकेटचं घर झालं. डिसेंबर २०२२ मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया महिला टी-ट्वेंटी सुपर ओव्हरपर्यंत गेली. पहिल्या महिला प्रीमियर लीगचा पहिला सामना इथेच झाला, ४ मार्च २०२३ ला, म्हणजे उद्घाटनाला बरोबर पंधरा वर्षं झाली त्या दिवशी. त्या स्पर्धेत बायका-मुलींना प्रवेश मोफत होता. बायको आणि मुलगी गेल्या, मी गेटवर सोडून आलो. डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडविरुद्धची कसोटी ३४७ धावांनी जिंकली, महिला कसोटीतला धावांच्या हिशेबात सर्वांत मोठा विजय.

बायकांच्या क्रिकेटला आपल्याकडे मैदान कसं मिळत आलंय याचं एक उदाहरण देतो. २०१३ चा महिला विश्वचषक मुंबईत होता. सामने वानखेडेवर ठरले होते. मुंबई रणजीच्या अंतिम फेरीत पोचली, वानखेडे त्यासाठी हवं झालं, आणि विश्वचषक उचलून ब्रेबॉर्नला नेला. विश्वचषक हलवला, रणजी नाही! २०२५ चा विश्वचषकही नेरुळला आला तो असाच, दुसरीकडून. जूनमध्ये बंगळूरला चिन्नास्वामीबाहेर चेंगराचेंगरीत अकरा जण गेले, त्यानंतर ऑगस्टमध्ये तिथले सामने काढून नेरुळला दिले. यात उपांत्य फेरी आली, ३० ऑक्टोबरची, जेमिमा रॉड्रिग्सने नाबाद १२७ करून ३३९ चं लक्ष्य गाठून दिलं ती. आणि अंतिम सामनाही.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस पेमेंट सीटचं दुखणं सांगत होता आणि आता स्टेडियमचं कौतुक करतोय. खरंय. माझं मन दोन्हीकडे ओढतं. ज्या व्यवस्थेत फी भरायला ऊस विकावा लागतो तिच्या पोटातून हे आलंय, आणि कॉलेजच्या पोरांनी रोज खेळावं असं ते नाहीच. पण कुणाच्याच हक्काचं नव्हतं म्हणून ते मुलींना मिळालं, हेही तितकंच खरं. वानखेडेसारखं ते कुणाच्या मानापमानाचं असतं तर २०२५ मध्ये एवढ्या ऐनवेळी मोकळं मिळालं असतं का, मला शंका आहे.

२ नोव्हेंबर २०२५. मला तिकीट मिळालं नाही. अण्णा दिवाळीला म्हणून आलेले, गुडघे दुखतात म्हणून राहिलेले. वय ७८. दुपारी पाऊस आला आणि मला २००९ आठवून धस्स झालं. पुन्हा नोव्हेंबर, पुन्हा इथेच! पण या वेळी तो थांबला, मैदान निथळलं आणि दोन तास उशिरा, पाच वाजता सामना सुरू झाला. भारताच्या २९८. शफाली ८७. मग दक्षिण आफ्रिकेची फलंदाजी आणि दीप्तीच्या पाच विकेटी.

आमच्या घरातून स्टेडियमचे दिवे दिसतात. मॅच मी मोबाइलच्या अॅपवरून टीव्हीवर लावली होती, आणि त्यात चित्र मागे असतं. कॅमेऱ्यातून सर्व्हर, सर्व्हरवरून तुकडे तुकडे करून आपल्या घरी, त्यात वीस-पंचवीस सेकंद सहज जातात. आवाजाला मात्र खिडकी पुरते. त्यामुळे झालं असं की पडद्यावर बोलर अजून रनअपकडे चालत असायची आणि बाहेरून गर्जना यायची. मुलगी वैतागली, "बाबा, खिडकी लावा ना, सगळं आधीच कळतंय." मी उठलो तर अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे उघडी."

बारा वाजत आलेले. पडद्यावर दीप्ती चेंडू हातात घेऊन उभी होती, आणि बाहेर एकदम आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. खालच्या रस्त्यावर कुणीतरी फटाके लावले. मुलगी टीव्ही सोडून खिडकीशी धावली. अण्णा काठी टेकत तिच्या मागे गेले. पडद्यावर अजून डी क्लर्क बॅट आपटत उभी होती, हरमनप्रीतने झेल घ्यायला वेळ होता, आणि ते दोघं आधीच दिव्यांकडे बघत उभे होते.

"आजोबा," मुलगी म्हणाली, "मी पण खेळणार तिथं."

"खेळ की," अण्णा म्हणाले. "फी किती घेत्यात इचार बापाला."